डिकीतल्या नळीतली हवा

भास्कर, तुला जाऊन सोळा दिवस झाले आणि सतराव्या दिवशी सकाळी तुझ्या रश्मीचा मला फोन आला. ‘काका, बाबांच्या गाडीचे चारही टायर एकदम उतरलेत.’

मी दात घासत होतो. ‘चारही?’

‘चारही. चोवीस, चोवीस, चोवीस, चोवीस. पिवळा दिवा लागलाय. आणि गंमत म्हणजे, खाली वाकून बघितलं तर टायर टुमटुमीत आहेत. पंपावर जाऊन मोजून घेतली हवा. बत्तीस.’

गंमत म्हणाली ती. मी जन्मभर गंमतच सांगत आलो. लग्नकार्यात, सोसायटीच्या गच्चीवर, तुझ्या दुकानात आडव्या टाकलेल्या टायरवर बसून. पण त्या वेळी मी बेसिनला धरून उभा राहिलो. चार टायरांतली हवा एकाच वेळी, एकसारखी, आकड्याला आकडा जुळवून कमी होईल अशी जगात एकच जागा होती. ती रस्त्यावर नव्हती. तुझ्या गाडीच्या डिकीत, स्टेपनीच्या खळग्यात, तुझ्याच जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेली होती. ती आपण दोघांनी बनवली होती आणि दोघांनाच माहीत होती. त्यातला एक गेला होता आणि दुसऱ्याच्या तोंडात पेस्टचा फेस होता.

तुला हे सगळं ठाऊक आहे. पण ठाऊक असलेली गोष्ट पहिल्यापासून सांगायची माझी खोड तू तीस वर्षं सोसलीस, आणि आता तर तुला ‘गिऱ्हाईक आलं’ म्हणून उठूनही जाता येणार नाही. तेव्हा ऐक.

तू ती गाडी आणलीस तेव्हा कर्वेनगरची आपली अख्खी गल्ली गॅलऱ्यांत आली होती. दोन दारं, दोन आसनं, हळदीसारखी पिवळी, जमिनीपासून वीतभर उंच, आणि तुझ्याआधी तीन मालक बघून आलेली. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी वरून विचारलं, ‘वानखडे, उरलेली अर्धी गाडी उद्या येणार का?’ तू मान वर करून म्हणालास, ‘नाही आजोबा, पावसाळ्यात वाढते ती.’ अमरावतीकडचा माणूस इतक्या वर्षांत पुण्याचा झाला तो तेवढ्यापुरताच. एरवी चिडलास की तुझी भाषा थेट गावाला जाऊन यायची.

त्या गाडीत बसायला एकच माणूस तुला हवं होतं, आणि तेच माणूस बसायला घाबरत होतं. लग्नानंतर पहिल्यांदा गावाहून येताना जीपचं टायर फुटलं, जीप शेतात गेली, कुणाला खरचटलंही नाही. पण सुनंदावहिनी त्या दिवसापासून कुठल्याही गाडीत दाराची मूठ धरून बसतात आणि नजर समोरच्या दिव्यांवर ठेवतात. एक जरी दिवा लागलेला असला तरी, ‘तुम्ही या जाऊन’ म्हणून शांतपणे उतरतात. टायरवाल्याच्या बायकोला टायरची भीती. ही गोष्ट मी किती ठिकाणी रंगवून सांगितली असेन. तू ऐकायचास, हसायचा मात्र नाहीस.

मग तू नवीन चाकं आणलीस. कंपनीची नव्हेत, बाहेरून मागवलेली, काळी, हलकी, पातळ काड्यांची. जुन्या चाकांत व्हॉल्व्हच्या मुळाशी काडेपेटीपेक्षा लहान असा एकेक सेन्सर होता. तो आतली हवा मोजतो आणि समोरच्या पडद्यावर आकडा पाठवतो. ते चार सेन्सर जुन्या चाकांतून काढून नव्यांत बसवायचे, एवढंच काम होतं. शनिवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तू वहिनींना पानशेतला नेणार होतास, लग्नाचा वाढदिवस म्हणून. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, म्हणजे माझ्या हिशेबानं भरलेलं नाट्यगृह.

पहिलाच सेन्सर नव्या रिममध्ये बसवून तू छोटा पाना माझ्या हातात दिलास. ‘हे घे, नाटक्या. पण जोर लावायचा नाही. बांगडी भरतात ना, तेवढाच हात.’

मी गिऱ्हाइकांकडे वळून म्हणालो, ‘आता पाहा, तीस वर्षांपूर्वीचा उत्कृष्ट शिकाऊ कामगार.’ आणि शेवटचा एक झटका दिला. बारीक आवाज आला. सेन्सर शाबूत राहिला, पण त्याची दांडी, ज्यातून हवा आत जाते ती, पार मुळातून तुटून माझ्या तळहातावर आली.

तू ती उचललीस, उजेडाला धरलीस. आतून पांढरी, कुजलेली. ‘बाकीच्या तीनही अशाच असतील,’ म्हणालास. ‘चारही नव्या मागवाव्या लागतील.’ नव्या दांड्या यायला दोन महिने. तोवर साधे रबरी व्हॉल्व्ह लावून चाकं चढवता येत होती, पण सेन्सर नाहीत म्हणजे पिवळा दिवा लागणार, आणि दिवा लागला म्हणजे पानशेत बंद.

आणि भास्कर, ती कल्पना माझी होती. हे मी आज लिहून ठेवतोय. वारज्याच्या एका गाडीवाल्यानं मला सांगितलं होतं, की लोक चारही सेन्सर एका नळीत घालतात, दोन्ही तोंडं बंद करतात, नळीत बत्तीस हवा भरतात आणि डिकीत टाकतात. सेन्सर बिचारे हवा मोजत राहतात. ती टायरातली आहे की नळीतली, हे त्यांना कुठं कळतंय? माझ्या बाथरूमच्या कामातून उरलेला पांढरा पाइप मी तासाभरात घेऊन आलो. काय आनंद झाला होता मला.

‘हे खोटं आहे,’ तू म्हणालास.

‘तात्पुरतं आहे.’

‘खोट्याले तात्पुरतं नसते बे.’

‘मग उद्या वहिनींना पानशेतचा फोटो दाखव.’

तू बराच वेळ त्या पाइपकडे बघत बसलास. ज्याच्या दुकानावर ‘डोळ्यांनी हवा सांगणाऱ्यांनी आधी डोळे तपासावेत’ अशी पाटी आहे, तो माणूस. शेवटी तू दोन अटी घातल्यास. एक, गाडी घरातून निघण्याआधी दर वेळी तू चारही टायरांची हवा हातानं मोजणार. दोन, दांड्या आल्या की सेन्सर नव्या चाकांत मीच बसवायचे. भोसरीच्या कारखान्यात आपण एकाच दिवशी शिकाऊ म्हणून लागलो, तेव्हापासूनचा तो शिरस्ता. ज्याच्या हातून जॉब बिघडला, तो त्यानंच सरळ करायचा. दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही, फोरमननंसुद्धा. कारखाना सोडून तुला किती वर्षं झाली, पण हा नियम तू दुकानात आणलास आणि घरातही. रश्मीनं लहानपणी सांडलेलं दूध कधी वहिनींना पुसू दिलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी वहिनी गाडीत बसल्या, समोर चार बत्तीस बघितले आणि म्हणे धरणापर्यंत दोनदा हसल्या. हे तू मला फोन करून सांगितलंस, आणि तुझा आवाज आनंदी नव्हता.

नळी गळत होती. अगदी थोडी, दिवसाला जेमतेम अर्धा पौंड. दर रविवारी तू खाली जाऊन सायकलच्या पंपानं तिच्यात हवा भरायचास आणि रोज सकाळी टायर मोजायचास. दांड्या आल्या. तू मला बोलावलंस. मी येतो म्हणालो. पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलंस. मी म्हणालो, माझा गच्चीवर कार्यक्रम आहे, वर्षासहल आहे, पाहुणे आहेत. दहा आठवडे, भास्कर. मी खूप मजेदार कारणं दिली, तू ती ऐकून हुं म्हणायचास. खरं कारण दिलं नाही. मला तो पाना पुन्हा हातात घ्यायची भीती वाटत होती. तीन गिऱ्हाइकांसमोर तुटलेली ती दांडी मी विनोदात घालवली, पण हाताला तो आवाज लागून राहिला होता. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं हे कुणाला सांगायचं?

शेवटचा फोन शनिवारचा. ‘उद्या ये बे. माझा खांदा जरा भरून आलाय, मशीन चालवता येईल एवढंच. पाना तूच धरायचा आहेस.’

मी म्हणालो, ‘खांद्यातली हवा मोजलीस का?’

तू त्यावर हसलास, आणि मला बरं वाटलं. मंगळवारी तू गेलास. त्या विनोदावर मी यापुढे काही बोलणार नाही. तो माझ्यापाशी राहील.

आता रश्मी. ती हिंजवडीला दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधण्याचं काम करते हे तुला अभिमानानं सांगता यायचं नाही, तू म्हणायचास, ‘पोरगी लोकांच्या खोड्या काढते.’ त्या दिवशी फोनवर तिनं पुढचं सांगितलं. येत्या शनिवारी ती आणि वहिनी गावाला निघणार होत्या. तुझ्या भावांनी बुद्धविहारात तुझ्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवलाय. वहिनींनी स्वतःपुरतं रेल्वेचं तिकीट काढलं होतं. रश्मीला मात्र तुझी गाडीच न्यायची होती. ‘बाबांची गाडी गावाला गेलीच नाही ना काका, सगळे वाट बघत होते. मेकॅनिक म्हणाला, सेन्सर गंडलेत, लक्ष देऊ नका. मी दिव्यावर काळी पट्टी लावते. आईला दिसलं नाही म्हणजे झालं. बघू, येते का माझ्याबरोबर.’

तुझीच मुलगी, भास्कर. मी फोन ठेवला आणि हिशेब केला. सहाशे किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता उन्हात तापलेलं काँक्रीट, आणि एखादं टायर हळूहळू उतरायला लागलं तर त्या गाडीत ते सांगणारं कुणी नाही. तू होतास तोवर सांगणारा तू होतास.

मी लगेच गेलो तुमच्याकडे. आणि काय घेऊन गेलो ते ऐक. पिशवीत सायकलचा पंप. खरं सांगायचं ठरवूनच निघालो होतो, पंप आपला असावा म्हणून घेतला. पार्किंगमध्ये रश्मी म्हणाली, ‘काका, चहा टाकते, तुम्ही बघा काय ते.’ ती वर गेली. मी डिकी उघडली, टॉवेल सोडला. त्यावर तुझ्या हाताचा काळा ठसा होता. मी नळीला पंप लावला. चोवीस होते, बत्तीस केले. दहा मिनिटांनी तिनं गाडी गल्लीतून एक चक्कर मारून आणली, तर दिवा गेलेला. ‘काका, काय केलंत? जादूच.’

मी कमरेत वाकून नमस्कार केला. सवयीनं. अख्ख्या आयुष्यात इतकी लाज वाटणारी दाद मी घेतलेली नाही.

दुपारी वहिनींचा फोन. ‘भाऊजी, दिवा गेला म्हणे. तुम्ही जातीनं बघितलंत ना? मग मी रेल्वेचं तिकीट रद्द केलं. रश्मीबरोबरच जाते. तेवढीच त्यांची गाडी.’

म्हणजे मी पंप मारून तुझ्या बायकोला त्या गाडीत बसवलं होतं. तोवर एक जीव धोक्यात होता, आता दोन झाले. मी घरात फेऱ्या मारल्या. मनात म्हटलं, शुक्रवारी गुपचूप हवा मोजून देऊ. पण शनिवारी वाटेत कोण मोजणार? वेगात खिळा लागला तर? मला वारंवार एकच चित्र दिसायला लागलं. समोर चार बत्तीस, वहिनी निवांत, मूठ सोडून दिलेली. त्या निवांतपणाचीच मला जास्त धास्ती वाटली.

संध्याकाळी मी तुमच्या दारात उभा. वहिनी भाजी निवडत होत्या, रश्मी लॅपटॉपवर. मी सुरुवात अशी केली, ‘वहिनी, एका पाइपची गोष्ट सांगतो.’ आणि मग मला ती सांगताच येईना. जिथं थांबायचं, जिथं आवाज चढवायचा, त्या सगळ्या जागा नाहीशा झाल्या. मी नुसतीच वाक्यं म्हणत गेलो. दांडी मी तोडली. नळी मी सुचवली. डिकीत आहे. आज सकाळी तिच्यात हवा मीच भरली.

रश्मी पहिल्यांदा बोलली. ‘म्हणजे डॅशबोर्डवरचं सगळं खोटं?’

‘आकडे खरे आहेत. नळीचे.’

‘काका, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?’ ती उठून आत गेली. दार आपटलं नाही तिनं, हळूच लावलं. ते जास्त लागलं.

वहिनींनी विचारलं, ‘ह्यांना माहीत होतं?’

भास्कर, इथं मी अडखळलो. गेलेल्या माणसावर ढकलणं इतकं सोपं असतं, तो काही ‘नाही बे’ म्हणायला येत नाही. मी म्हणालो, ‘माहीत होतं. पण त्याला नको होतं. दांड्या येऊन दहा आठवडे झाले, तो मला बोलावत होता. मी गेलो नाही.’

त्यांनी मेथीची एक काडी हातात तशीच धरून ठेवली. ‘म्हणून रोज सकाळी खाली जायचे होय, ते मोजायला. मी म्हणायची, आंघोळीआधी गाडीची पूजा करायला चाललात का. खांदा दुखतोय म्हणाले त्या दिवशीसुद्धा गेले.’ त्यांनी काडी परत जुडीत ठेवली. ‘मी घाबरू नये म्हणून ते रोज घाबरत होते म्हणा की.’

मला वाटलं, आता त्या मला जा म्हणतील. त्या म्हणाल्या, ‘दांड्या कुठं आहेत?’

‘दुकानात. खणात.’

‘मग उद्या बसवा. तुमचं काम आहे ना ते?’

शुक्रवारी सकाळी रश्मीनं दुकानाचं शटर वर केलं. तुझ्यामागे पहिल्यांदाच. मशीनवर ती होती. टायरची कड रिमपासून सोडवताना ती तुझ्यासारखीच ओठ दाबून धरते, तिला ठाऊक नसेल. माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मी नळी कापली. फुस्स करून तुझी शेवटच्या रविवारची हवा आणि माझी आदल्या दिवशीची, एकदमच बाहेर गेली. चार सेन्सर टेबलावर मांडले. प्रत्येकावर तू पांढऱ्या रंगाचे ठिपके देऊन ठेवले होतेस, एक, दोन, तीन, चार, कुठला कुठल्या चाकाचा ते. इतकी तयारी करून ठेवली होतीस. फक्त मी यायचा बाकी होतो.

मी छोटा पाना उचलला. थट्टा नाही, पाना नटावर बसेना. रश्मीनं ते बघितलं. ‘बाबांचा तो टकटक वाजणारा पाना आहे, तो घ्या. ठरलेला जोर झाला की वाजतो. वाजला की सोडा.’ मी तो घेतला. पहिला वाजला. दुसरा, तिसरा. चौथ्याला, मागच्या डाव्या चाकाच्या, म्हणजे मी तोडलेल्याच, तो वाजेना. मी थांबलो. अजून थोडं फिरवायचं, की हा पुन्हा तुटणार? दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. मी डोळे मिटून केसभर फिरवला. वाजला.

हवा भरताना रश्मी म्हणाली, ‘सगळीकडे बत्तीस नको. तीस, एकतीस, बत्तीस, तेहतीस भरू. चारी आकडे वेगळे, मग कुठला सेन्सर कुठल्या चाकातून बोलतोय ते पक्कं कळेल.’ लोकांच्या खोड्या काढते ती, हे बरंच आहे.

गाडी घरी आणली तेव्हा वहिनी फाटकाशी उभ्या होत्या. मी म्हणालो, ‘वहिनी, चला, एक चक्कर.’

‘आधी तुम्ही बसा,’ त्या म्हणाल्या. ‘बोगद्यापलीकडे, खेड शिवापूरपर्यंत जाऊन या. वेगात. मग मी बघते.’

मी तुझ्या त्या गाडीत वेगात कधी बसलो नव्हतो, हे तुला माहीत आहे. तिची नक्कल केली, तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढले. बसायची वेळ आली की कंबर पुढे केली. रश्मी चालवायला बसली आणि पडद्यावर चार आडव्या रेघा आल्या. गाडी पळाली की आकडे येतात, ती म्हणाली. वारज्याला गर्दी होती, रेघाच. हमरस्त्याला लागलो आणि तीस आलं. मग एकतीस, मग बत्तीस. मागच्या डाव्याची रेघ तशीच. नवले पूल गेला, चढ लागला, रेघ. बोगद्यात शिरलो. आवाज भरून राहिला, काच थरथरायला लागली, आणि मला खात्रीच झाली की टायर चढवताना तो सेन्सर आत चिरडला गेलाय, त्याचे तुकडे आत गरगर फिरतायत, आता कुठल्याही क्षणी. माझा हात दाराच्या मुठीवर होता. कधी गेला कळलं नाही. वहिनींची मूठ.

तिथं मला तुझ्याशी बोलायचं होतं. मला म्हणायचं होतं की मी दहा आठवडे भ्यालो, तुला नव्हे, त्या पान्याला, आणि तेवढ्यासाठी तुला रोज सकाळी गाडीपाशी वाकायला लावलं. बोगदा संपला तरी वाक्य पुरं झालं नाही.

खेड शिवापूरहून वळलो. परतीचा बोगदा, आणि त्याच्यापुढचा तो अपघातांचा लांबलचक उतार, जिथं पुण्यातला प्रत्येक जण मनातल्या मनात हात जोडतो. पुढे एक ट्रक, मागे एक टँकर. रश्मीनं गिअर खाली घेतला, मी ट्रकच्या दिव्यांकडे बघत होतो.

‘काका,’ ती म्हणाली, ‘तेहतीस.’

मी पडद्याकडे बघितलं नाही. उतार संपेपर्यंत मान हलवायची हिंमत नव्हती.

घरी आल्यावर वहिनी स्वतः वाकून पडद्याशी आल्या. चारही आकडे वाचले. ‘वेगळे कसे?’ विचारलं. रश्मीनं समजावलं. मग चारही बत्तीस केले, आणि चक्कर मारल्यावर आले ते बत्तीस, बत्तीस, तेहतीस, बत्तीस. ‘हे बरं,’ वहिनी म्हणाल्या. ‘माणसं काय, चाकं काय, अगदी सारखी कशी असतील.’ माझ्याकडे बघून हसल्या नाहीत. पण चहाला थांबा म्हणाल्या.

आज शनिवार. पहाटे साडेपाचला निघाल्या दोघी. मला वाटलं, माझं काम झालं. तर आठ वाजता वहिनींचा निरोप आला, मोबाइलवर, ज्या आजवर फक्त फुलांची चित्रं पाठवायच्या. ‘शिरूर. ३३ ३३ ३४ ३४.’ मग ‘नगर. ३४ ३४ ३४ ३५.’ खोटे आकडे असताना मी निर्धास्त होतो रे. आता प्रत्येक निरोप तीनदा वाचतो.

साडेअकराला फोनच आला. ‘भाऊजी, वाढतायत. सदतीस, छत्तीस, सदतीस, अडतीस. आधी कधीच वाढले नव्हते.’

कसे वाढतील? नळी डिकीत, सावलीत, टॉवेलात होती. रस्त्याचं ऊन तिला माहीतच नव्हतं.

‘रश्मी किती वेगानं चालवतेय?’

‘शंभर. हवा थोडी सोडू का म्हणतेय ती. मागच्या डाव्याची.’

मी टायरवाला नाही, भास्कर. तुझ्या टायरवर बसून गोष्टी सांगणारा माणूस आहे. पण इतकी वर्षं तिथं बसून कानावर पडलेलं होतं, उन्हाळ्यात गावाला निघालेल्या प्रत्येकाला तू सांगायचास ते. मी तेच म्हणालो. ‘हवा सोडायची नाही. तापल्यावर वाढणारच, गार झाली की उतरेल. आत्ता सोडली तर मग कमी पडेल. वेग ऐंशीवर आणा, सावली बघून अर्धा तास थांबा.’

मग वहिनींनी विचारलं, ‘हे तुमचं आहे की ह्यांचं?’

‘त्याचं.’

‘मग थांबतो,’ म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

बारा वाजून दहाला निरोप आला. ‘झाडाखाली आहोत. डबा खाल्ला. निघताना ३५ ३४ ३५ ३६. निघालो.’

मागचं डावं अजून एकानं जास्त आहे. ते उन्हाचं, की रस्त्याचं, की माझ्या हाताचं, हे तू एका बोटानं रिम चाचपून सांगितलं असतंस. मला सांगता येत नाही. पुढचा थांबा जालन्यापलीकडे आहे. मी फोन समोर ठेवून बसलोय, आणि आकडे येईपर्यंत कुणाशीतरी बोलायला हवं होतं.